दर पाच मिनिटांनी

तुम्ही रत्नागिरीपासून आत, सड्याच्या पायथ्याच्या एका वाडीत उभे आहात. साल १९६१. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम दीड वर्ष झालं आहे. दसरा उलटलाय, भात कापून झालंय, खळ्यात भारे रचलेत आणि गडग्याच्या चिऱ्यांमधून दिवसभराची ऊब अजून बाहेर येते आहे. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा भारा उचलायला वाकतो आणि किंचाळून हात झटकतो. पेंढ्यावरून बोटभर लांबीचा, तांबूस रंगाचा, बारीक आकड्यांचा प्राणी झरझर पळत जातो.

"इचू! लाल हाय!"

घरातून म्हातारी चिंचोका उगाळून आणते. एक जण मांत्रिकाच्या वाटेला लागतो. मुलगा रडतो, मग हळूहळू शांत होतो आणि कळ उतरली म्हणून सगळ्यांना हायसं वाटतं. तुम्ही मात्र जवळ बसा आणि त्याच्याकडे नीट बघा. त्याचा सदरा घामाने पिळून काढावा इतका भिजला आहे. एकदा उलटी झाली, दुसऱ्यांदा झाली. तळहात हातात घ्या: गार. पावलंही गार. मनगटावर बोटं ठेवा: नाडी बारीक, इतकी जलद की मोजताना आकडा चुकतो. पहाटेपर्यंत खोकला सुरू होईल, छातीत घरघर होईल आणि तोंडाला गुलाबी फेस येईल.

याच वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पी. एम. मुंडले या डॉक्टरांनी विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी भरतं हे नोंदवलं. का भरतं, ते अजून कोणाला सांगता येत नाही. हृदय आधी कोसळतं की फुफ्फुसं? रक्तदाब चढतो की उतरतो? मूल दवाखान्यात पोचतं तेव्हा दंश होऊन कितीतरी तास गेलेले असतात आणि त्या तासांमध्ये काय काय घडलं याची नोंद कुठेच नसते. पहिल्या क्षणापासून मिनिटामिनिटाला बघायचं तर विष मुद्दाम टोचावं लागेल. माणसाच्या पोराला ते करता येत नाही. मग ते भूल दिलेल्या जनावरात बघायचं. आणि इथे खरी पंचाईत सुरू होते, कारण भूल स्वतःच नाडी बदलते, श्वास बदलते, अंग गार पाडते. विषाने काय केलं आणि भुलीने काय केलं, हे वेगळं कसं काढायचं?

या प्रश्नाचं मूळ बघायला आणखी मागे जायला हवं. १८८९, हैदराबाद. निजाम मीर महबूब अली खान यांच्या पैशाने इथे क्लोरोफॉर्मची चौकशी चालू आहे आणि तिचे सूत्रधार आहेत सर्जन एडवर्ड लॉरी. लंडनहून 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकातर्फे डॉक्टर लॉडर ब्रंटन मुद्दाम आले आहेत. खोलीत क्लोरोफॉर्मचा गोडसर, मळमळवणारा वास कोंडला आहे. काजळी धरलेल्या कागदाचा दंडगोल संथपणे फिरतो आहे आणि त्याला टेकलेली सुई भूल दिलेल्या कुत्र्याचा रक्तदाब पांढऱ्या रेघेत लिहीत चालली आहे. माणसं शस्त्रक्रियेच्या टेबलावर अचानक दगावत आहेत, म्हणून हा खटाटोप. लॉरींचं म्हणणं ठाम आहे: श्वासावर लक्ष ठेवा, नाडी बघण्यात वेळ घालवू नका, कारण श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो. लंडनचे लोक सांगतात, नाडीवरचं बोट काढू नका. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि या चौकशी आयोगाने लॉरींच्या बाजूने कौल दिला.

आता बावीस वर्षं पुढे, १९११, लंडन. गुडमन लेव्ही यांच्या टेबलावर एक मांजर आहे. भूल मुद्दाम हलकी ठेवली आहे. लेव्ही तिच्या शिरेत थोडं ॲड्रेनलिन सोडतात. श्वास अजून चालू आहे. लॉरींच्या नियमाने सगळं ठीकच म्हणायचं. पण हृदयाची खालची दालनं आकुंचन पावायची सोडून नुसती थरथरू लागतात आणि रक्त पुढे जायचं थांबतं. श्वास बघत बसलेल्या माणसाला हे कळेपर्यंत मांजर गेलेली असते.

म्हणजे हैदराबादचा कौल अर्धाच खरा होता. एकच खूण धरून बसणारा माणूस कधी ना कधी फसतो, मग ती खूण श्वासाची असो की नाडीची. लेव्हींची मांजर मला रत्नागिरीच्या त्या मुलाच्या फार जवळची वाटते. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं लवकर मिटू देत नाही. मज्जातंतू पेटल्यासारखे संदेश सोडत राहतात आणि शरीर आपल्याच ॲड्रेनलिनच्या लोंढ्यात सापडतं. लेव्हींनी सुईने बाहेरून दिलं, ते विंचू आतून मोकळं करतो. तेव्हा हे विष अभ्यासायला भूल कुठली निवडायची, हा प्रश्न दुय्यम राहत नाही. चुकीची भूल निवडली तर हृदय विषाने थांबलं की भुलीने, हे देवही सांगू शकणार नाही.

चला वाराणसीला. १९९०च्या दशकाची अखेर, बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेतला शरीरक्रियाशास्त्र विभाग. एस. बी. देशपांडे आणि त्यांचे सहकारी इथे आपल्याच लाल विंचवाच्या विषावर काम करत आहेत. भूल दिलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांचा त्यांचा लेख १९९९मध्ये 'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी'त छापून आला. आता असा प्रयोग मांडलेल्या टेबलाशी तुम्हाला उभं करतो. हातात वही, समोर घड्याळ. कापणं, टोचणं दुसरं कोणी करेल. तुमचं काम एवढंच, की बघायचं आणि लिहायचं.

टेबलावर पांढरा उंदीर आहे, वजन साधारण दोनशे ग्रॅम. त्याला युरेथेनची भूल दिली आहे. ही भूल तासन्‌तास एकसारखी टिकते आणि शरीराच्या आपोआप चालणाऱ्या प्रतिक्रिया फारशा दडपत नाही, म्हणून अशा अभ्यासात ती वापरतात. पण युरेथेन कर्करोगकारक आहे, म्हणून ते दिलेल्या जनावराला पुन्हा जागं करत नाहीत. हा उंदीर या टेबलावरून उठणार नाही, हे आधीच ठरलेलं आहे. ते मनात स्वच्छ ठेवूनच वही उघडा. तो परत उठणार नाही म्हणून त्याच्याकडे कमी लक्ष द्यायचं, असं होत नाही. उलट त्याच्या प्रत्येक मिनिटाचा हिशोब आता तुमच्याकडे आहे.

पहिलं काम: मागच्या पायाचं बोट चिमट्याने दाबा. पाय आखडला, तर भूल पुरेशी नाही. थांबा, सर्जनला थांबवा. नाही आखडला, तरच पुढे. ही चाचणी एकदा करून सोडायची नसते, प्रयोगभर अधूनमधून करायची असते. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच लिहिलेलं आहे, की शस्त्रक्रिया असलेले प्रयोग शक्यतो वेदना कळू नयेत इतक्या प्रभावी भुलीखाली व्हावेत. महाराष्ट्र आणि तो कायदा एकाच वर्षीचे.

मग डोळे. उंदीर भुलीत डोळे मिटत नाही. बुबुळं उघडी राहून सुकतात, म्हणून त्यांत मलम घाला.

आता तापमान, आणि इथे मी तुम्हाला जरा जास्त वेळ थांबवणार आहे. उंदराचं अंग ३६ ते ३७.५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असतं. देह लहान, त्यामानाने कातडी जास्त, त्यामुळे उष्णता भराभर निसटते. जागा उंदीर कापरं भरवून, अंग आक्रसून, पेंढ्यात शिरून ती भरून काढतो. भुलीतल्या उंदराकडे यातलं काहीच उरत नाही. तशाच धातूच्या टेबलावर ठेवला तर अर्ध्या तासाच्या आत त्याचं तापमान काही अंशांनी उतरू शकतं. तापमान उतरलं की हृदय मंदावतं, श्वास मंदावतो, भूल शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो आणि ती आपोआप खोल होत जाते. वरून बघणाऱ्याला वाटतं, उंदीर छान शांत झोपला आहे. म्हणून गुदद्वारात बारीक तापमापक, अंगाखाली गरम गादी आणि त्या दोघांना जोडणारा नियंत्रक. गादी फार तापली तर उंदीर भाजतो. त्याला ते सांगताही येत नाही आणि सरकताही येत नाही. प्रयोगशाळेत पैसे कमी असतील तर इतर शंभर गोष्टींत काटकसर करा, या गादीत करू नका, असं माझं ठाम मत आहे.

आता श्वास. छातीच्या टोकापाशी कातडीला बांधलेला दोरा एका संवेदकाला जोडलेला आहे. छाती उचलली की कागदावर रेघ उचलते. जागा उंदीर मिनिटाला ७० ते ११५ वेळा श्वास घेतो. भुलीत हा आकडा उतरणारच, पण निम्म्यावर आला तर काहीतरी बिघडलं आहे. नुसता आकडा पुरत नाही, लयही बघा: झटके देत, पोट आत ओढत घेतलेला श्वास आकड्याने बरोबर असला तरी वाईटच. श्वासनळीत बसवलेल्या नळीत कफ अडकला तर असंच दिसतं. नळी साफ करा आणि मगच पुढची नोंद घ्या.

नाडी बोटाने मोजायच्या भरीस पडू नका. उंदराचं हृदय मिनिटाला तीनशे ते साडेचारशे ठोके मारतं, म्हणजे सेकंदाला पाच ते साडेसात. माणसांसाठी बनवलेली बोटाची ऑक्सिमीटरंही या वेगाला बहुतेक वेळा हार मानतात आणि काहीतरी भलताच आकडा दाखवतात. म्हणून पायांना सुया लावून ईसीजी. रक्तदाब थेट मानेच्या धमनीतल्या बारीक नळीतून. आणि रक्त? एवढ्या उंदराच्या अंगात सगळं मिळून तेरा मिलिलीटरच्या आसपास. नळी बसवताना दीडेक मिलिलीटर सांडलं, तरी दाब उतरू शकतो, आणि विष टोचायच्या आधीच प्रयोग हातचा जातो.

पांढऱ्या उंदराने एक सोय करून दिली आहे: त्याच्या कातडीत रंगद्रव्य नाही. कान, नाक, पंजे गुलाबी दिसतात तोवर रक्त आणि प्राणवायू पोचतो आहे. निळसर झाक आली की यंत्र काय म्हणतं याची वाट बघायची नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण यंत्रं आली की माणूस जनावराकडे बघायचा थांबतो आणि पडद्याकडे बघू लागतो.

दर पाच मिनिटांनी एक ओळ. वेळ, तापमान, श्वास, ठोके, दाब, रंग. बोस्टनमध्ये १८९४-९५च्या सुमारास हार्वे कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन या दोन तरुणांनी ईथर दिलेल्या रुग्णांची नाडी आणि श्वास कागदावर मांडायला सुरुवात केली, तेव्हापासून भुलीचा तक्ता जगात आहे. तुमच्या वहीतला तक्ता त्याच घराण्यातला.

विष देण्याआधी बराच वेळ नुसतंच बघायचं. आकडे स्थिर होऊ द्या. मग शिरेतून विष. कागदावरची रेघ आता तुम्हाला त्या वाडीतल्या मुलाचे हरवलेले तास दाखवू लागते. दाब, ठोके, श्वास सगळं हलतं. देशपांड्यांच्या प्रयोगात यापुढे आणखी एक परीक्षा होती. फेनिलडायग्वानाइड नावाचं द्रव्य शिरेतून दिलं की फुफ्फुसांकडून निघणारी एक प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते: श्वास क्षणभर थांबतो, ठोके मंदावतात, दाब उतरतो. विषाने फुफ्फुसात पाणी भरलेल्या उंदरांमध्ये ही प्रतिक्रिया वाढलेली दिसली. म्हणजे पाणी भरलेली फुफ्फुसं गप्प पडून राहत नाहीत. ती हृदयाला आणि श्वासाला उलट त्रास देतात.

आता विचार करा. ज्या प्रयोगाचं उत्तरच ठोके मंदावणं, श्वास थांबणं, दाब उतरणं हे आहे, त्यात उंदीर गार पडू दिला असता तर काय झालं असतं? ठोके थंडीनेही मंदावतात. श्वास खोल भुलीनेही थांबतो. दाब सांडलेल्या रक्तानेही उतरतो. तिन्ही आकडे हुबेहूब विषासारखे दिसले असते. म्हणून शेजारी दुसरा उंदीर असतो: तीच भूल, तीच गादी, तेवढाच वेळ, फक्त विषाऐवजी मिठाचं पाणी. त्याच्या तक्त्यात काही घडत नाही आणि ते काही न घडणंही तितक्याच काळजीने, दर पाच मिनिटांनी लिहायचं असतं. नवशिका नेमका इथे कंटाळतो, आणि प्रयोग बुडतो तो बहुधा याच उंदरापाशी.

वही मिटा आणि कोकणात परत या, पण १९७६मध्ये. रत्नागिरी जिल्ह्याची हद्द कशेडी घाटात संपते. पलीकडे पोलादपूर, मग महाड. जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा आहे. महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचे पंचविशीतले डॉक्टर रुजू झाले आहेत, मूळचे आजच्या जालना जिल्ह्यातले. अतिदक्षता विभाग नाही, मॉनिटर नाही. विंचूदंशाची गंभीर लक्षणं असलेल्या रुग्णांतले शंभरात तीसेक जण दगावत आहेत. बावस्कर खाटेजवळ बसतात. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांची ऊब. रात्रभर, पुन्हा पुन्हा, लिहून. तुम्ही वाराणसीत जे केलं तेच, इथे भुलीशिवाय आणि जागं राहून बघणाऱ्या आईच्या समोर.

१९८२मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांचा लेख छापला: उलट्या, भरपूर घाम, गार पडलेले हातपाय या खुणा हृदय अडचणीत येणार याची आगाऊ सूचना आहेत. त्यानंतर प्राझोसिन. रक्तदाबासाठी आलेली ही स्वस्त गोळी ॲड्रेनलिनच्या कुटुंबातल्या द्रव्यांना रक्तवाहिन्यांवर काम करू देत नाही. ती कुठपर्यंत द्यायची याची खूणही यंत्रावरची नाही: हातपाय पुन्हा गरम होईपर्यंत. पहिल्या गोळीने दाब एकदम उतरू शकतो, म्हणून मुलाला उचलायचं नाही, उठवून बसवायचं नाही, आणि दाब मोजत राहायचं. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. २०२२मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

इकडे परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात के. राधाकृष्ण मूर्ती जनावरांवर याच विषाचा अभ्यास करत राहिले. २००६मध्ये त्यांच्यासह व्ही. एस. नातू आणि के. पी. देवधर यांनी चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातला प्रतिविषाचा अनुभव प्रसिद्ध केला. रत्नागिरी जिल्ह्यातलं मूल आता रत्नागिरी जिल्ह्यातच वाचू लागलं होतं. २०११मध्ये महाडच्या सत्तर रुग्णांची चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही मिळालेल्या पस्तीस जणांपैकी बत्तीस दहा तासांत पूर्ण सावरले. नुसतं प्राझोसिन मिळालेल्या पस्तीसांपैकी आठ.

आता तुम्ही आजच्या दिवसात आहात. युरेथेनच्या जागी बऱ्याच ठिकाणी आयसोफ्लुरेन आलं आहे. ते श्वासातून दिलं जातं, मिनिटामिनिटाला कमीजास्त करता येतं आणि उंदीर जागाही होतो. उंदरासाठी खास बनवलेली ऑक्सिमीटरं मिळतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांबाबतच्या १९९८च्या नियमांनंतर प्रत्येक प्रयोग संस्थेच्या नीतिसमितीपुढून जातो. हे सगळं चांगलं झालं. पण गादी चालू आहे का, कान गुलाबी आहेत का, हे समितीला बघता येत नाही. तिथे एक विद्यार्थी उभा असतो, आणि तो फोनवर असेल तर पुढची ओळ खोटी पडते.

माझं मागणं दोघांकडे आहे. फार्मसी, वैद्यकीय किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयात उंदराला भूल देणाऱ्या मुलामुलींनो, टेबल सोडू नका. भूल देण्याआधी गादी गरम करा, दर पाच मिनिटांनी लिहा, न घडलेलंही लिहा, मागाहून आठवून आकडा भरू नका. उंदीर जागा होणार असेल तर तो स्वतः पालथा होऊन चालू लागेपर्यंत त्याला उबेत ठेवा आणि एकटा टाकू नका. आणि रत्नागिरीतल्या घराघरांतल्या माणसांनो, विंचू चावल्यावर मुलाला घाम सुटला, उलटी झाली किंवा हातपाय गार पडले, तर कळ थांबली म्हणून घरी थांबू नका. मांत्रिकाकडे जाण्यात तास घालवू नका. मुलाला आडवं ठेवून थेट रुग्णालयात न्या आणि डंख किती वाजता झाला ते डॉक्टरांना सांगा.